टाकीचा नळ कोणी उघडला?

वाचकहो, वहीचे पान फाडून केलेल्या चार चिठ्ठ्या आठवतात का? एकीवर राजा, एकीवर प्रधान, एकीवर शिपाई आणि एकीवर चोर. चिठ्ठ्या उधळायच्या, ज्याच्या हाती जी येईल ती त्याची. राजाला हजार गुण, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे, चोराला शून्य. घरोघरी आकडे थोडे बदलतात, काही घरांत प्रधानाच्या जागी राणी असते. राजा विचारतो, "माझा शिपाई कोण?" शिपाई हात वर करतो आणि उरलेल्या दोघांतून चोर ओळखतो. बरोबर ओळखला तर गुण त्याचे. चुकला तर त्याचे पाचशे चोराच्या खात्यात.

या साध्या खेळात एक शहाणपण आहे. चोर कोण, ते चिठ्ठी ठरवते. मागच्या डावातला राजा या डावात चोर होतो, चोराचा प्रधान होतो. कपडे पाहून, आडनाव विचारून, बोली ऐकून चोर सापडत नाही.

पण हाच खेळ वाढवला, चारांऐवजी बारा माणसे बसवली आणि चोर ओळखण्याचे काम एका शिपायाऐवजी सगळ्या गावाच्या मतावर सोडले, तर काय होते? ते मी गेल्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या माझ्या बहिणीच्या वस्तीत पाहिले. त्यात माझ्याही चुका झाल्या. त्या चुकांतून जे शिकायला मिळाले, ते आपल्या घरातल्या लेकरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

मॉस्कोचा खेळ बीडमध्ये

मे महिना होता. ऊसतोडीची माणसे परत आली होती. विहारासमोरच्या अंगणात रात्री बारा-चौदा लेकरे जमायची. एका रात्री भाचा म्हणाला, "मामा, मोबाईलवर एक खेळ आहे. आपल्यातला कोणतरी लबाड असतो, त्याला सगळ्यांनी मिळून शोधायचं." मोबाईल एक, लेकरे बारा, आणि त्यातच लाईट गेलेली. मी म्हटले, "मोबाईल ठेव बाजूला. हा खेळ मोबाईलच्या आधीचा आहे."

ते खरेच आहे. भाचा ज्या खेळाचे नाव घेत होता तो 'अमंग अस' हा खेळ २०१८ साली अमेरिकेतल्या एका लहानशा कंपनीने काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो जगभर पसरला. त्यात अंतराळयानातले खलाशी आपल्यात मिसळलेले तोतये शोधतात. पण त्याचे मूळ आहे मॉस्कोत. १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातल्या दिमित्री डेव्हिडॉफ या विद्यार्थ्याने 'माफिया' नावाचा खेळ बांधला. त्याला ना पट लागतो, ना सोंगट्या. काही जण गुपचूप माफिया असतात आणि ते एकमेकांना ओळखतात. बाकीचे नागरिक असतात, त्यांना कोणाचेच काही माहीत नसते. रात्री सगळे डोळे मिटतात, माफिया डोळे उघडून एकाला खेळातून उडवतात. दिवसा सगळे वाद घालून, मत देऊन एकाला दोषी ठरवतात. तो दोषी असेलच असे नाही.

पुढे १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन माणसाने नियमांचा सांगाडा तसाच ठेवून गोष्ट बदलली. माफियाच्या जागी त्याने दिवसा माणूस आणि रात्री लांडगा होणारे प्राणी आणले. आपल्यातच बसलेला, दिवसा आपल्यासारखाच दिसणारा शत्रू, ही कल्पना त्या गोष्टीत जास्त चपखल बसली. आज जगात अनेक ठिकाणी हा खेळ त्या लांडग्याच्या नावाने खेळतात.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सांगाडा कायम राहतो आणि अंगावरचा कपडा बदलता येतो. थोड्यांना सगळे ठाऊक आणि पुष्कळांना काहीच ठाऊक नाही, हा तो सांगाडा. मॉस्कोच्या मुलांनी त्याला माफियाचा कपडा घातला, अमेरिकेच्या माणसाने लांडग्याचा. मग बीडच्या लेकरांनी आपल्या गोष्टीचा का घालू नये?

गोष्ट आपली हवी

रात्री कोणी कोणाला ठार मारतो, ही गोष्ट मला लेकरांसाठी नको होती. मी विचारले, "आपल्या वस्तीत अशी कोणती वस्तू आहे, की ती गेली तर सगळ्यांचं नुकसान होतं?" एक मुलगी लगेच म्हणाली, "टाकीतलं पाणी."

गोष्ट तिथेच ठरली. गावात पाण्याची एक टाकी आहे. उन्हाळा आहे. टाकी भरली की गावाला दोन दिवस पाणी पुरते. पण रात्री कोणीतरी नळ उघडा सोडतो. सकाळी एका घराच्या वाट्याचे पाणी गेलेले असते. का सोडतो? गावाची टाकी रिकामी झाली की पाणी विकणाऱ्याचा टँकर चालतो, आणि त्यातले काही पैसे नळ सोडणाऱ्याच्या खिशात पडतात. म्हणून या लपलेल्या माणसांना आम्ही 'दलाल' म्हटले. चोर हा शब्द मी मुद्दाम टाळला. चोर म्हटले की लेकरांच्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो, एक वेष येतो. दलाल म्हटले की प्रश्न येतो, यात फायदा कोणाचा? शोधाला तोच प्रश्न बरा.

ज्या घराचे पाणी गेले, त्याचे काय होते? हे लेकरांनीच ठरवले. "ते घर गाव सोडून ऊसतोडीला जातं." मोठी माणसे हे ऐकून क्षणभर गप्प झाली. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. लेकरांना खेळातला 'बाद' हा शब्द शिकवावा लागला नाही. त्यांच्याकडे त्याहून खरा शब्द होता.

आता शोध घेणारे एक पात्र हवे होते, रात्री एका माणसावर पाळत ठेवणारे. मी त्याला 'जागल्या' नाव दिले. ओट्यावर बसलेले एक आजोबा तिथूनच म्हणाले, "जागल्या नको रे बाबा. गावात चोरी झाली की माग काढायचं काम आपलं, अन् माग लागला नाही तर पहिला संशयबी आपल्यावरच. खेळात तरी आपल्या लेकराला जागल्या करू नको." मी मान खाली घातली. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण गावकीचे ओझे इथेही आपल्याच माणसांच्या खांद्यावर होते. आपण विसरलो तरी शब्द विसरत नाहीत. जागल्या खोडला आणि 'पाणी समितीची ताई' लिहिले. रोज रात्री ती एका माणसाकडे बोट करते आणि सूत्रधार मान हलवून सांगतो, दलाल आहे की नाही.

आणखी एक पात्र बहिणीने सुचवले, 'शेजारीण'. रात्री ती कोणा एकाला आपल्या वाट्याचे पाणी देते. दलालांनी त्याच घराचे पाणी सोडले असेल तर ते घर वाचते.

माझी चूक

लेकरांना बोलायला काही विषय हवा म्हणून मी प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. वरच्या ओळीत माणसाचे काम, ते सगळ्यांना सांगायचे. खालच्या ओळीत गुपित, ते लपवायचे. एसटीचा कंडक्टर, शाळेतली स्वयंपाकीण, शिवणकाम करणारी, किराणा दुकानदार, भंगार गोळा करणारा, दवाखान्यातली नर्स अशी बारा कामे. दोन चिठ्ठ्यांवर खाली 'दलाल' लिहिले. कोणत्या दोन, याचा मी काही विचार केला नव्हता. हाताला आल्या त्या.

तीन डाव झाले. चौथ्या डावात एका मुलाने सांगितले, "मी भंगार गोळा करणारा." तो पुढे बोलायच्या आत दोघे-तिघे ओरडले, "भंगारवाला! हाच दलाल!"

लेकरे हुशार. चिठ्ठ्या त्याच होत्या, म्हणून त्यांनी पाठ केले होते की भंगारवाल्याच्या चिठ्ठीखाली नेहमी दलाल असतो. खेळाच्या हिशेबाने ते बरोबरच ओळखत होते. पण त्यांना ते शिकवले कोणी? मी. काम आणि गुन्हा यांची गाठ मी एकाच कागदावर कायमची बांधून ठेवली होती आणि तीन डावांत लेकरांच्या डोक्यात ती पक्की बसली होती.

वाचकहो, हीच गाठ कधी सरकारनेही बांधली होती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्या कायद्याखाली पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या लेकराच्या चिठ्ठीवरही खालची ओळ आधीच लिहिलेली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पहिली नजर पालांकडे जाते, हे आपण सगळे जाणतो.

मी त्या चिठ्ठ्या तिथेच फाडल्या. नव्याने दोन गठ्ठे केले. एका डब्यात कामे, दुसऱ्या डब्यात गुपिते. प्रत्येकाने दोन्ही डब्यांतून एक एक चिठ्ठी उचलायची. आता एका डावात नर्स दलाल निघे, दुसऱ्या डावात दुकानदार, आणि भंगार गोळा करणारी पाणी समितीची ताई. कोणाच्या कामावरून काहीच कळेना. मग लेकरांना माणसाच्या वागण्याकडे पाहावे लागले.

गप्प बसणाऱ्यावर बोट

चिठ्ठ्यांची गाठ सुटली तरी एक गाठ राहिलीच होती. ती कागदावर नव्हती.

नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा रोज यायचा आणि कडेला बसायचा. तो सगळा हंगाम आई-बापाबरोबर कारखान्याच्या तळावर होता. शाळेतल्या मुलांच्या चेष्टा-मस्करीत, त्यांच्या नव्या शब्दांत तो बसत नव्हता. प्रश्न विचारला की खाली बघायचा. पहिल्या डावात गावाने मत देऊन त्याला बाहेर काढले. चिठ्ठी उघडली, तो 'गावकरी' निघाला. दुसऱ्या डावात पुन्हा तोच बाहेर, पुन्हा गावकरी. तिसऱ्या डावात मते मोजून व्हायच्या आधीच तो उठला आणि भिंतीशी जाऊन बसला. रडला नाही, तक्रार केली नाही. आपले काय होणार हे त्याला ठाऊक झाले होते.

मी खेळ थांबवला आणि एकेकाला विचारले, "तुम्ही याचं नाव का घेतलं?"

"तो बोलत नाही."

"तो खाली बघतो."

"मघाशी ती म्हणाली, म्हणून मी."

आणि एकाने अगदी निरागसपणे सांगितले, "तोच असतो ना नेहमी?"

तो नेहमी बाहेर काढला जात होता, दलाल एकदाही नव्हता. आरोप पुष्कळदा झाला की आरोपच पुरावा होऊन बसतो. खेळात एक लेकरू भिंतीशी जाऊन बसते. गावात याहून फार भयंकर घडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरत होती. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. कोणीही काही पाहिले नव्हते. सगळ्यांनी फक्त ऐकले होते. ऐकीव आहे, पुष्कळ लोक म्हणतात, एवढ्यावर काही मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले ते यासाठीच.

त्या रात्री आम्ही एक नियम जोडला आणि खेळाचा रंगच बदलला. कोणाचेही नाव घ्यायचे तर आधी तीनपैकी एक शब्द बोलायचा. 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'वाटते'. उदाहरणार्थ, "मी पाहिले, कालच्या मतदानात दलाल पकडला जात होता तेव्हा हिने मत दुसरीकडे दिले." किंवा, "मी पाहिले, हा आधी म्हणाला नर्सवर संशय नाही, आणि आता तिचंच नाव घेतो." 'ऐकले' आणि 'वाटते' बोलायला मनाई नाही, पण ज्याच्याविरुद्ध निदान एक 'पाहिले' नाही, त्याच्यावर मतदानच घ्यायचे नाही. तो खाली बघतो, गप्प बसतो, हे 'पाहिले'मध्ये धरायचे नाही. माणसाने खेळात काय केले आणि काय बोलला, तेवढेच धरायचे.

दुसरा नियम, पहिल्या दिवशी कोणालाच बाहेर काढायचे नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांकडे काही पुरावा नसतो. त्या दिवशी फक्त बोलायचे, प्रश्न विचारायचे आणि कोण काय म्हणाले ते लक्षात ठेवायचे.

याचा हिशेबही लेकरांपुढे मांडला. बारा जण बसले, त्यांत दोन दलाल. दोन रात्रींत दोन घरे गेली, दहा जण उरले. आता डोळे मिटून कोणावरही बोट ठेवले तर दहांत आठ वेळा ते निरपराधावर पडणार. "म्हणजे अंदाजाने बोलायचं तर आपण बहुतेक वेळा चूकच," भाची म्हणाली. हे तिला चिठ्ठ्यांनी शिकवले. मी भाषण करून शिकवले असते तर ती जांभई देऊन झोपायला गेली असती.

गेलेली माणसे परत येतात

या जातीच्या सगळ्या खेळांत एक खोट असते. जो पहिल्याच रात्री बाद झाला, त्याने पुढचा अर्धा तास करायचे काय? लहान मूल कंटाळते, रुसते, इतरांना चिडवते.

यावरचा उपाय त्या भिंतीशी बसलेल्या मुलानेच काढला. तो म्हणाला, "मामा, ऊसतोडीला गेलेले परत येतात की."

खरेच तर होते! मरून गेलेला परत येत नाही, पण तोडीला गेलेला येतो. नियम झाला, ज्या घराचे पाणी गेले ते घर दोन रात्रींनी परत येते. त्याला मत देता येत नाही, हरजितीच्या मोजणीतही तो धरला जात नाही. पण त्याला एक प्रश्न विचारता येतो. ज्याला विचारला त्याने उत्तर दिलेच पाहिजे.

पहिल्याच वेळी हा नियम फसला. बाहेर गेलेली मुलगी रात्री उघड्या डोळ्यांनी सगळे बघत बसली होती. परत येताच तिने एकाकडे पाहिले आणि फिसकन हसली. संपला डाव. तेव्हापासून बाहेर गेलेल्यानेही रात्री डोळे मिटायचे. दिवसा मात्र त्याच्या हाती वही द्यायची, कोणी कोणाला मत दिले ते लिहायला. परत आल्यावर त्याची वही गावातला सर्वांत भक्कम पुरावा ठरते. पाटी-पेन्सिलचा कंटाळा असलेली लेकरे ती वही भांडून मागून घेऊ लागली.

घरी खेळायचा तर

तयारीला दहा मिनिटे पुरतात. वहीची दोन पाने, दोन डबे, एक सूत्रधार.

बारा खेळाडू असतील तर गुपिताच्या चिठ्ठ्या अशा कराव्यात : दलाल दोन, पाणी समितीची ताई एक, शेजारीण एक, गावकरी आठ. सात-आठ जण असतील तर दलाल एकच ठेवावा. वीस-बावीस जमले तर तीन. दलाल वाढवताना हात आखडता घ्यावा. या खेळावर गणितज्ञांनी २००८ साली एक शोधनिबंध लिहिला आहे. शोध घेणारे पात्र नसेल तर खेळाडू चौपट झाल्यावर लपलेले दोषी फक्त दुप्पट करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी राहते, असा त्याचा मथितार्थ. थोड्या पण एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची ताकद किती असते, हे यावरून कळते.

चिठ्ठ्या वाटल्या की सूत्रधार म्हणतो, "रात्र झाली, गाव झोपलं." सगळे डोळे मिटतात आणि हलकेच मांडीवर थाप देत राहतात, म्हणजे हालचालीचा आवाज कळत नाही. आधी दलाल डोळे उघडून बोटाने एक घर ठरवतात. ते झोपले की शेजारीण उठते आणि आपले पाणी कोणाला द्यायचे ते दाखवते. मग ताई उठते आणि एकाची चौकशी करते. पकडलेली किंवा बाहेर गेलेली पात्रे असली तरी सूत्रधाराने सगळ्यांना ठरल्या क्रमाने पुकारायचे, नाहीतर गुपित फुटते.

सकाळी सूत्रधार सांगतो कोणाचे पाणी गेले. ते घर निघून जाते. मग गावाची बैठक होते. प्रत्येकाला निदान एकदा बोलायला मिळालेच पाहिजे. शेवटी हात वर करून मतदान. अर्ध्याहून जास्त मते पडली तरच माणूस दोषी. नाही पडली तर त्या दिवशी कोणीच बाहेर जात नाही. दोषी ठरलेल्याची चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडायची.

दोन्ही दलाल सापडले तर गाव जिंकते. दलाल आणि उरलेले गावकरी सारखे झाले तर टाकी रिकामी झाली, दलाल जिंकले. बारा जणांच्या डावात शेजारणीने एकही घर वाचवले नाही तर गावाला दोनच चुका परवडतात. तिसऱ्या चुकीनंतरच्या रात्री टाकी कोरडी पडते. निरपराध माणूस बाहेर काढला की गावाचेच एक मत कमी होते आणि दलालांचे काम आपण आपल्या हाताने करतो, हे लेकरांना इथे आपोआप उमगते.

सूत्रधाराने काय सांभाळावे

या खेळात सगळ्यांत अवघड काम सूत्रधाराचे. त्याला सगळे माहीत असते आणि तोंडावर काही दिसू द्यायचे नसते. तेवढ्यावर मात्र त्याचे काम संपत नाही.

गोष्टीत कोणाची जात, आडनाव, धर्म, पाल, वस्ती येऊ देऊ नये. कोणा खऱ्या शेजाऱ्याचे नाव चेष्टेनेही घालू नये. घरात भांडण ताजे असेल तर त्या दिवशी हा खेळ काढू नये. खेळातला संशय खऱ्या संशयात मिसळायला वेळ लागत नाही. एकच मूल दोन डाव सलग बाहेर जात असेल तर तिसऱ्या डावात त्याला सूत्रधाराचा मदतनीस करावे. मुलींना फक्त ताई आणि शेजारीण अशी पात्रे देऊ नयेत. चिठ्ठी ज्याच्या हाती येईल ते पात्र त्याचे, मग मुलगा शेजारीण होवो की मुलगी दलाल.

आणि डाव संपल्यावर लगेच उठू नये. पाच मिनिटे बसावे. चुकीने बाहेर काढलेल्याला विचारावे, "तुला कसं वाटलं?" आणि ज्यांनी मत दिले त्यांना विचारावे, "तुम्ही पाहिलं काय होतं?" खेळाचा खरा लाभ या पाच मिनिटांत आहे.

शेवटी त्या मुलाचे सांगतो. नवे नियम लागू झाल्यावरच्या डावात दुसऱ्याच रात्री त्याचे पाणी गेले. दोन रात्रींनी तो वही घेऊन परत आला. आपला एक प्रश्न त्याने एका मुलीला विचारला, "पहिल्या दिवशी तू माझं नाव घेतलंस. काय पाहिलं होतंस?" ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "काही नाही. नुसतं घेतलं."

ती मुलगी दलाल नव्हती. तो डाव गाव हरले. दलालांपैकी एक तर माझा भाचाच निघाला. पण कोणी रुसले नाही. त्या मुलीने आपली जागा सरकवली आणि तो मुलगा भिंतीपाशी न जाता तिथे बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विहारात गेलो, तेव्हा तो आधीच येऊन चिठ्ठ्या फाडत होता. दोन डबे वेगवेगळे ठेवले होते. कामे एकात, गुपिते दुसऱ्यात.

माता-पित्यांनो, सुट्टीत लेकरे मोबाईलला चिकटतात म्हणून आपण ओरडतो. एखाद्या रात्री त्यांच्यात बसा, दोन पाने फाडा आणि सूत्रधार व्हा. कोणाकडे बोट दाखवण्याआधी "मी पाहिले का?" असे स्वतःला विचारण्याची सवय लेकराला लहानपणी लागली, तर उद्या त्याच्या मोबाईलवर एखादी अफवा येईल तेव्हा ते ती पुढे ढकलण्याआधी थांबेल.